बोटभर कमी

दादाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरून मोडलं आणि पुढे त्याच मुलाशी पुन्हा ठरून लागलंही, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न का मोडलं आणि का जुळलं हे कुणाला धड कळलं नाही, पण दोन्ही वेळच्या रुसव्याफुगव्यांमुळे ते वर्ष घरात सगळ्यांच्या चांगलं लक्षात राहिलं.

दादाची बहीण सिनेमाच्या संग्रहालयात कामाला होती. जुन्या सिनेमांतली म्हणून लोक ज्या वस्तू आणत, तलवारी, मुकुट, चिलखतं, त्या खऱ्याच पडद्यावर दिसल्या होत्या की मागाहून कुणी घरी बनवल्या, हे सांगणं तिचं काम. तिच्या गळ्यात काळ्या दोरीला भिंग अडकवलेलं असे. जेवतानाही ती ते काढायची नाही, मग ते ताटात लोंबायचं. तिथे तिला सगळे भिंगवालीच म्हणत.

त्या वर्षी संग्रहालयात एका जुन्या लढाईच्या सिनेमासाठी वेगळी खोली उभी राहत होती. त्या सिनेमाचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळे 'तटाचा सिनेमा' म्हणत. त्यात एक मोठं सैन्य तटावर चालून जातं आणि शिडीने वर चढलेला एक सैनिक बाण लागून तटावरून खाली कोसळतो. हात पसरून, पाठमोरा. त्याचं तोंड दिसत नाही, पण सिनेमा पाहिलेला माणूस बाकी सगळं विसरला तरी ते पडणं विसरत नाही. तो सिनेमा काढणारा स्टुडिओ कधीच बंद पडला होता आणि सैनिकांचे टोप ज्याला जमेल तसे घरोघरी गेले होते. संग्रहालयाने सगळीकडे कळवलं की, ज्याच्याकडे असा टोप असेल त्याने घेऊन यावं. खरा निघाला तर काचेच्या कपाटात ठेवू आणि खाली तो घालणाऱ्याचं नाव लिहू.

मग काय, रांग लागली. इतके टोप आले की तेवढ्या सैन्याने तटच काय, अख्खा मुलूख घेतला असता.

भिंगवालीची एक पद्धत होती. टोप हातात आला की ती त्याचं तोंड बघायचीच नाही. आधी उलटा करायची आणि आत डोकवायची. खरे टोप आतून अगदी गचाळ असत. राळेचे ओघळ, काचेच्या धाग्यांची कुसळं, ब्रशचा एखादा तुटका केस तसाच चिकटून वाळलेला. ते करणारे कारागीर घाईत असत, कॅमेऱ्याला आतली बाजू दिसणार नव्हती, मग तिथे हात फिरवत कोण बसतो? हौशी लोक घरी नक्कल करत ती मात्र आतूनबाहेरून देखणी, कारण त्यांचा त्यात जीव असे. त्यामुळे तिच्या टेबलावर जीव ओतून केलेली वस्तू नापास व्हायची आणि उरकून टाकलेली पास.

पण हे झालं नंतरचं. सगळ्यात आधी टेप. नक्कल करणारा खऱ्या टोपावर रबराचा साचा घेतो, ते रबर थोडं आकसतं आणि त्यात ओतलेला टोप मूळच्यापेक्षा किंचित लहान निघतो. संग्रहालयात एक टोप स्टुडिओच्या कपाटातूनच थेट आलेला होता, त्याच्याबद्दल वाद नव्हता. त्याला सगळे आजोबा म्हणत. आलेल्या टोपाच्या काठाभोवती टेप लावायची, आजोबांपेक्षा कमी भरली की नक्कल. आत बघायचं कारणच नाही. हा नियम एकदाही चुकला नव्हता, निदान भिंगवालीला तरी तसंच वाटत होतं.

त्या आठवड्यात टेपवरच दोन टोप बाद झाले. एक होता निवृत्त बस ड्रायव्हरचा. त्याने टोप काखोटीला मारला, "तुमचे आजोबाच खोटे असतील," म्हणाला आणि जाताना दार आपटलं. दुसरा एका शिंपीणबाईंचा, तो त्यांनी शेजाऱ्याच्या हाती पाठवला होता.

आणि मग रांगेत दादा दिसला.

दादाला तेव्हा जिना चढताना मध्येच थांबावं लागे. थांबला की तो भिंतीवरची एखादी पाटी वाचत असल्यासारखं करायचा. तशा दोन-तीन पाट्या वाचून तो वर आला, मागोमाग वहिनी. टोप त्याने पोटाशी धरला होता.

"घरचं म्हणून सूट नको हं," तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चारचौघांसारखं तपास."

"सूट मागतंय कोण," वहिनी म्हणाल्या. "वन्सं, तुम्ही हे पातेलं कायमचं इथेच ठेवून घ्या बघू. कपाटावरून काढा, पुसा, परत चढवा. जन्म गेला माझा."

"पातेलं म्हणू नकोस."

"बरं, सेनापतींचं पातेलं."

घरात दादाला सगळे सेनापती म्हणत ते या टोपामुळे. तटावरून पडणारा तो सैनिक म्हणजे आपणच, हे दादा तरुणपणापासून सांगत आला होता. बारशाला सांगे, साखरपुड्याला सांगे. शिडी कशी हलत होती, खाली गवताच्या पेंढ्या कशा अंथरल्या होत्या, पडताना कान कसे बंद झाले. धाकटीच्या सासरच्यांनी ते ऐकलं तेव्हा नव्या जावयाने आपल्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की, माझे सासरे तटाच्या सिनेमातले. दादाला आता एकच हवं होतं. फोनवर तो तेवढंच बोलायचा. "काचेमागे माझा टोप. खाली 'तटावरून पडणारा सैनिक' आणि त्याखाली माझं नाव. झालं. त्यापुढे मला काही नको." डॉक्टर काय म्हणाले, असं विचारलं की तो दुसरंच काहीतरी काढायचा.

भिंगवालीने दादाचा टोप लहानपणापासून पाहिला होता, पण त्याला टेप कधी लावली नव्हती. लावायचं मनातच आलं नव्हतं. आता लावली.

बोटभर कमी.

टेप घसरली असेल म्हणून तिने पुन्हा लावली. टेप घसरली नव्हती.

"काय आलं?" दादाने विचारलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, टेपकडे बघत होता.

"वेळ लागेल. ठेवून जा."

"इतरांना तर लगेच सांगतेस."

"चारचौघांसारखं तपास म्हणालास ना? मग जा आता."

ती दोघं गेल्यावर तिला खुर्चीत बसवेना. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली, उगाच टेबल पुसलं. पुढच्या माणसाची तलवार हातात घेतली आणि न बघताच खाली ठेवली. शेवटी रांगेला उद्या या म्हणून सांगितलं आणि दादाचा टोप उलटा केला. टेप कमी भरल्यावर आत बघायची तिची ही पहिलीच वेळ. परक्याचा असता तर बघितलंच नसतं.

आत सगळं गचाळ होतं. राळेचे तेच ओघळ. पट्ट्याला लावलेला तोच काळा डिंक. ब्रशचा पिवळट केस, आजोबांच्या आत होता तसाच. बाहेरचे खोटे खिळेसुद्धा धारदार, जराही पुसट झालेले नाहीत. आणि दुसरी गोष्ट तिला आता सुचली, जी खरं तर आधी सुचायला हवी होती. नक्कल आकसते ती नखाच्या जाडीएवढी. बोटभर आकसायची तर नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असं करत जावं लागेल आणि तोवर खिळे वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत होतील. मग हे काय आहे?

आणि ते दुसरे दोन टोप? ते किती कमी भरले होते? तिने फक्त 'कमी' एवढंच पाहिलं होतं.

साहेब डोकावले. ते संग्रहालयाचे प्रमुख, वयाने तिच्या मुलासारखे. "रांग का पाठवली?"

"डोकं दुखतंय."

"मग टोप का घालून बसलाय?"

दादाचा टोप आपण डोक्यावर चढवलाय हे तिला तेव्हा कळलं. तो तिला घट्ट होत होता.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई आपला टोप परत न्यायला आल्या. भिंगवालीला आधी दारात कुणी दिसेचना, कारण बाई टेबलापेक्षा थोड्याच उंच होत्या. केस पांढरे, गळ्यात मापाची फीत, बोटं सुयांनी खरबरीत झालेली.

"तुम्हीच का त्या? माझा टोप नक्कल म्हणालात," त्या म्हणाल्या. रागाने नाही, विचारपूस केल्यासारखं.

"मापात कमी आला हो."

"कमी येणारच. माझं डोकं केवढं? मी केवढी?" त्यांनी टोप घेतला आणि डोक्यावर ठेवला. मापून शिवलेल्या कपड्यासारखा बसला. "आम्ही मागच्या रांगांतले. तुम्हाला ठाऊक नाही होय? मैदान होतं एवढंसं. सैन्य दिसायला हवं होतं दूरवर पसरलेलं. मग पुढे उभे केले धिप्पाड गडी आणि मागे आम्ही. बुटके, बायका, मिसरूड न फुटलेली पोरं. आमचे भाले आखूड, ढाली लहान, टोप लहान. पुढे घोडे अन् मागे तट्टं. कॅमेऱ्यातून बघितलं की वाटावं, बाप रे, सैन्य पार डोंगरापर्यंत गेलंय."

भिंगवालीने विचारलं, "मागचं कुणी कधी पुढे जायचं? तटाकडे?"

"छे हो. तटाजवळ फिरकू देत नसत. तिथे त्या धिप्पाड गड्यांशेजारी उभे राहिलो असतो तर आमची उंची उघडी पडली असती. एक पोरगा होता, रोज जाऊन विनवायचा की मला शिडीवर घ्या म्हणून. रोज हाकलायचे. दुपारी सावलीत येऊन बसायचा माझ्या शेजारी, फुरंगटून. त्याच्या चिलखताचे बंद मीच शिवून दिले होते, सारखे तुटायचे." त्या हसल्या. "तेव्हा माझ्या खांद्याला लागत होता. मोठा झाला असेल आता."

"तुमचा टोप इथेच राहू द्या," भिंगवाली म्हणाली. "मला पुन्हा बघायचाय."

"कितीदा बघणार?"

"आधी बघितलाच नव्हता. नुसता मापला होता."

बाई गेल्यावर ती सिनेमाच्या खोलीत गेली आणि यंत्रावर एकेक चित्र पुढे सरकवत बसली. पाहायचं कुठे हे एकदा कळल्यावर लपलेलं काही नव्हतं. धूळ, धिप्पाड गडी आणि त्यांच्या पाठीमागे, जिथे आजवर कुणी नजर टाकली नव्हती तिथे, तट्टं आणि लहान लहान माणसं. दादा त्या वयात किती लहानखुरा होता हे तिला आठवत होतं. उंची त्याची पुढे वाढली, एकदम.

म्हणजे टोप खरा होता आणि गोष्ट खोटी. आणि टोप खरा आहे असं लिहिलं की गोष्ट खोटी आहे हेही त्याच ओळीत लिहिलं जाणार होतं.

संध्याकाळी ती दादाकडे जायला निघाली. बसमधून दोन थांबे आधीच उतरली, मग चालत गेली, मग दादाच्या दारापाशी जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत परत आली, काही लागत नसताना साबण घेतला. दार वहिनींनी उघडलं.

"साबण? पाहुण्यांनी साबण आणलेला आज पहिल्यांदा बघतेय. आम्ही वास मारतो का हो वन्सं?"

"वहिनी, चहा टाका ना."

वहिनी आत गेल्या. दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता. तिने दाराकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात सांगून टाकलं. टेप, मागच्या रांगा, तट्टं. दादा ऐकत राहिला. त्याने नाही म्हटलं नाही.

"मला काय ठाऊक तुम्ही टेप लावता," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, वस्तू खरी आहे, तर खरी म्हणाल. झालं."

"खरीच आहे रे."

"मग नक्कल म्हणून लिही."

"काय?"

"नक्कल लिही. म्हणजे मला सांगता येईल की, मूळचा कुणीतरी मधल्या मध्ये लांबवला, हा बदलून ठेवला. टोप गेला तर गेला."

"दादा, खोट्याला खरं म्हणा म्हणून लोक माझ्या पाया पडलेत. खऱ्याला खोटं म्हण असं कुणी आजवर म्हटलं नाही."

"तुझं काय जातंय? एक ओळ. जावयाने त्याच्या ऑफिसात, त्याच्या आईबापांना... धाकटी आत्ता कुठे नांदायला लागलीये." त्याला दम लागला. त्याने खिडकीकडे पाहिलं आणि बाहेरची पाटी वाचल्यासारखं केलं, पण खिडकीबाहेर पाटी नव्हती.

भिंगवाली उठली, पुन्हा बसली. पाणी घेतलं, प्यायली नाही. तिला वाटलं, लिहावी ती ओळ. आपल्याशिवाय कोण बघणार आहे? आयुष्यभर आत डोकावून डोकावून मिळवलंय काय, तर लोकांचे पडलेले चेहरे. आपल्या भावाचा तरी पाडू नये.

"तुझा एकट्याचा नाहीये," ती म्हणाली. "तुझा नक्कल लिहिला तर त्याच मापाचे दुसरेही नक्कल ठरतात. एक शिंपीणबाई आहेत. केवढ्याशा. त्यांचाही मी बाद केलाय."

दादाची मान वळली. "शिवायच्या त्या? बंद शिवून द्यायच्या?"

"त्याच असतील."

"आहेत अजून?" तो बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिला. मग एकदम चिडला. "त्यांचा कशाला बाद केलास? अक्कल आहे का तुला? सगळ्यांत आधी येऊन उभ्या राहायच्या त्या. चटके बसायचे त्या टोपात उन्हाने, पण कधी काढला नाही. त्यांना नक्कल म्हणालीस?"

"म्हणाले. म्हणून तर आलेय."

"त्यांचा खरा कर. उद्याच कर."

"आणि तुझा?"

"माझा आण परत. मी दाखवायला आणलाच नव्हता. तू पाहिला नाहीस, मी विचारलं नाही."

"त्यांच्या टोपाखाली मला मागच्या रांगांचं सगळं लिहावं लागेल. जावई बघायला येणार. तुझा त्याने पाहिलाय. टेप नसली तरी डोळे आहेत त्याला."

"ते मी बघीन."

वहिनी चहा घेऊन आल्या. "काय कुजबुज चाललीये? मोडायचंय का पुन्हा लग्न?"

दुसऱ्या दिवशी भिंगवालीने साहेबांना आपली चूक सांगितली. साहेब आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, मग यंत्रावर ती तट्टं पाहून लहान मुलासारखे हरखले. शिंपीणबाईंचा टोप आजोबांच्या शेजारी ठेवायचं ठरलं. बस ड्रायव्हरला फोन केला तेव्हा तो म्हणाला की आता उशीर झाला, टोपात माती भरून त्याने कोरफड लावलीये आणि ती चांगली धरलीये, हलवणार नाही. दादाचा टोप तिने कापडात गुंडाळून स्वतः नेऊन दिला. दादाने तो वहिनींच्या हाती दिला आणि तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पुढेही कितीतरी दिवस फोन वहिनीच घेत. "सेनापती झोपलेत," म्हणत, आणि मागून दादाच्या खोकल्याचा आवाज येई.

खोली उघडली त्या दिवशी भिंगवाली सकाळपासून दाराशी येरझारा घालत होती. दादा येईल असं तिला वाटत नव्हतं. तो आला. धाकटी, जावई, वहिनी, सगळेच. जिन्यात जावयाने त्याचा हात धरला होता.

शिंपीणबाई आपल्या टोपासमोर उभ्या होत्या, नवी साडी, गळ्यात मात्र मापाची फीत तशीच. दादा त्यांच्यापुढे जाऊन थांबला. बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ.

"बंद तुटले का पुन्हा?" त्या म्हणाल्या.

दादाने वाकून त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

जावई काचेला नाक लावून खालची ओळ वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने टोपाकडे पाहिलं, मग बाजूच्या आजोबांकडे, मग पुन्हा टोपाकडे. धाकटी नवऱ्याकडे बघत होती, वहिनी छताकडे.

"बाबा," जावई म्हणाला, "तुमचाही एवढाच आहे ना?"

"एवढाच."

"म्हणजे तुम्ही..."

"मागे होतो. या बाईंच्या शेजारी. तट्टांच्या पुढे, एवढंच." दादा दम घ्यायला थांबला, पण या वेळी त्याने भिंतीवरचं काही वाचलं नाही. "पडलो नाही मी कधी. पण तिथून पडणारा चांगला दिसायचा."

"मग पडला कोण?"

"दूध घालायचा एक जण. फार मोठा गडी. पेंढ्या सरकल्या आणि तो कडेला आदळला. पाय मोडला त्याचा. कान बंद झाले ते त्याने आम्हाला सांगितलं, खाटेवरून नेताना. पुढे त्याचं काय झालं कुणी विचारलं नाही. मीही नाही."

मग जावयाने भिंगवालीला विचारलं, "आत्या, तो दूधवाला शोधता येईल?"

"शोधून बघू," ती म्हणाली. "नाव ठाऊक आहे, दादा?"

दादाने डोळे मिटून आठवून पाहिलं. त्याला ते आठवलं नाही. जिना उतरताना त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि खालपर्यंत काढला नाही. "तू टेप लावतेस ते बरोबर आहे," तो म्हणाला. "पण आधी आत बघत जा."

दूधवाला सापडला नाही. भिंगवाली पुढची दोन वर्षं त्याला शोधत होती, जुन्या लोकांना विचारत, गवळ्यांच्या गल्ल्या पालथ्या घालत. दादा मात्र त्याच हिवाळ्यात गेला, एका रविवारी सकाळी, झोपेत. शिंपीणबाई त्याच्यानंतरच्या उन्हाळ्यात गेल्या.